फॉरमॅट नंतर, फाईली आधी: सुरू न होणाऱ्या कॉम्प्युटरचं काय करायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातून एका ताईंनी विचारलंय. त्यांचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. पावसात एका संध्याकाळी लाईट दोन-तीनदा गेली-आली आणि तेव्हापासून दुकानातला डेस्कटॉप चालू होत नाही. बटण दाबलं की पंखा फिरतो, कंपनीचा लोगो येतो आणि मग काळ्या पडद्यावर 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' एवढंच. एकदा मध्येच विंडोजची गोल चकती फिरायला लागली, पण 'ऑटोमॅटिक रिपेअर' म्हणत तिथेच अडकली. ओळखीतला एक मुलगा म्हणतोय, फॉरमॅट मारून (डिस्क पुसून) नवी विंडोज टाकतो, तासाभराचं काम. पण आत बारा-पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, दोन सौहार्द (सहकारी) सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, टॅलीतले हिशेब आणि घरचे फोटो आहेत. बॅकअप म्हणाल तर २०२१ मधला एक पेनड्राइव्ह. मशीन सातेक वर्षांचं, आत ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क.

ताई, फॉरमॅट नको. आज तर नकोच. त्या मुलाचा हेतू वाईट नसेल, पण तो कॉम्प्युटर दुरुस्त करायला निघालाय आणि तुम्हाला हव्यात फाईली. ही दोन कामं वेगळी आहेत आणि त्यांचा क्रम उलटा झाला की नुकसान होतं. मशीन काय, उद्या दुसरं मिळेल.

तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून बरंच कळतं. पंखा फिरून लोगो दिसतोय म्हणजे एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसर निदान उभे तरी आहेत. पडदा पूर्ण काळा आणि आतून बीप-बीप असं असतं तर आधी रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसून परत घट्ट बसवायला सांगितलं असतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात निम्मी मशीनं तेवढ्यानेच उठतात. बटण दाबून काहीच झालं नसतं तर एसएमपीएसचं व्होल्टेज बघितलं असतं: पिवळ्या वायरवर १२, लालवर ५ आणि केशरीवर ३.३, पाच टक्के इकडे-तिकडे चालतं. तुमच्याकडे बिघाड त्याच्या पुढे आहे, बोर्ड आणि डिस्कच्या मधल्या वाटेत किंवा खुद्द डिस्कमध्ये.

इथे तीन शक्यता उरतात. एक, बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामची) सेटिंगं उडाली किंवा केबल सैल झाली. दोन, लाईट जाताना विंडोज काहीतरी लिहीत होती, ते अर्धवट राहिलं आणि बूटच्या, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या, फाईली बिघडल्या. तीन, डिस्क मरायला लागली आहे. पहिल्या दोन्हींत तुमच्या फाईली जशाच्या तशा असतात, तिसरीत त्या तासातासाने कमी होत असतात. पडद्यावर मात्र तिन्ही वेळा जवळपास हाच मजकूर येतो. म्हणून उलटं सिद्ध होईपर्यंत तिसरी शक्यता खरी धरून चालायचं. परत परत चालू-बंद करून 'आता तरी होतंय का' बघणं आधी थांबवा. मरणाऱ्या डिस्कला सगळ्यात जड जातं ते चालू होणं.

आता कान लावा. कॅबिनेटचं झाकण काढून एकदाच चालू करा आणि डिस्कजवळ ऐका. एकसारखी घरघर चांगली. ठराविक अंतराने टक्... टक्... टक्... आणि मग फिरणं थांबल्यासारखं वाटलं, तर वायर ओढून बंद करा आणि खालचं सगळं सोडून थेट शेवटाकडच्या, फाईली काढून देणाऱ्या लॅबच्या परिच्छेदावर या. तो आवाज म्हणजे वाचणारं हेड आतल्या फिरत्या चकतीवर आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाही. अशा डिस्कला कुठलंच सॉफ्टवेअर लावायचं नाही, मग व्हिडिओवाले काही का सांगेनात. एक उपाय अजून फिरतोय, डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा. बाहेर काढल्यावर आपल्या हवेत तिच्यावर दव धरतं, त्याने उरलंसुरलंही जातं.

आवाज ठीक असेल तर बायोसमध्ये जा. बहुतेक मशीनवर डिलीट किंवा एफ २. तिथे दोनच गोष्टी बघायच्या: तारीख बरोबर आहे का आणि डिस्कचं नाव दिसतंय का. तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपलाय. सीआर २०३२ म्हणून कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, तीन व्होल्टचा. हा सेल संपला आणि लाईट पूर्ण गेली की बायोस स्वतःची मूळ सेटिंगं धरतो. डिस्कचा मोड एएचसीआयवरून रेडवर (आरएआयडी) गेला किंवा बूटची पद्धत लेगसीवरून यूईएफआयवर आली की विंडोज जागेवर असूनही सापडत नाही. दिवसभर मेन स्विच चालू असलेल्या दुकानात संपलेला सेल लक्षातच येत नाही आणि पहिल्या मोठ्या लाईट जाण्याला सगळं उघडं पडतं. तुमच्या गोष्टीत लाईटचा भाग आहे म्हणून हे आधी सांगतोय. सेटिंग बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा.

नाव दिसत नसेल तर मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या. मग डिस्कला बोर्डाशी जोडणारी साटाची केबल दोन्हीकडून काढून बघा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूने येणाऱ्या मशीनमध्ये कनेक्टरवर हिरवट थर मी नेहमी बघतो, तुमच्याकडेही हवा तीच. केबल नवी लावा, जुनी पुसत बसू नका. पोर्टही बदला. तरी नाव येत नसेल तर डिस्क दुसऱ्या मशीनला लावून बघा. तिथेही नाही, तर लॅब.

समजा नाव दिसतंय. आता सगळ्यात महत्त्वाचा भाग.

डिस्क दुसऱ्या विंडोज मशीनला लावायची घाई करू नका. विंडोज बाहेरची डिस्क दिसली की 'स्कॅन अँड फिक्स' विचारते, नाहीतर सरळ 'फॉरमॅट करायची आहे का' म्हणते, आणि गर्दीच्या वेळी दुकानात बसलेला माणूस एंटर मारून मोकळा होतो. हे स्कॅन करणारं चेकडिस्क हे चांगल्या डिस्कवरची गडबड निस्तरायचं साधन आहे. खराब डिस्कवर ते तासन्‌तास ओढत बसतं आणि वाचता न आलेल्या फाईलींचे तुकडे करून टाकतं. आधी फाईली, मग चेकडिस्क.

त्याऐवजी दुसऱ्या कुठल्याही चालू कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टीमचा) पेनड्राइव्ह बनवा. ८ जीबीचा पुरतो. मिंट फुकट उतरवता येतं, रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ते पेनड्राइव्हवर चढवायचं. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून तो २०२१ चा बॅकअपवाला घेऊ नका! मग तुमचं मशीन त्या पेनड्राइव्हवरून चालू करायचं. बूट मेनूची कळ डेल, लेनोवो आणि गिगाबाइटवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, एमएसआयवर एफ ११, आसुसच्या बोर्डावर एफ ८. मिंट रॅममधून चालतं, तुमच्या डिस्कवर काही बसवत नाही. पडद्यावर 'इन्स्टॉल' नावाचं चिन्ह दिसेल, त्याला हात लावायचा नाही.

मिंटमध्ये 'डिस्क्स' नावाचा प्रोग्राम आहे. तुमची ५०० जीबीची डिस्क निवडा आणि मेनूतून 'स्मार्ट डेटा' उघडा. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते. लांबलचक तक्ता येईल, त्यातल्या चारच ओळी बघा. ५ नंबरची ओळ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे). १९७ म्हणजे वाचताना अडखळलेले आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर. १९८ म्हणजे वाचताच न आलेले. आणि १९९ म्हणजे केबलमधून जाताना झालेल्या चुका. १९९ वाढलेली आणि बाकी तिन्ही शून्य असतील तर आनंद आहे, केबल बदलली की काम झालं. १९७ मध्ये शून्य सोडून काहीही दिसलं तर मी त्या डिस्कला आजारी समजतो, वर 'डिस्क इज ओके' लिहिलेलं असलं तरी. त्या 'ओके'वर विसंबू नका, ते फार उशिरा बदलतं.

तिन्ही शून्य असतील तर सरळ कॉपी करा. बाहेरची यूएसबी हार्डडिस्क लावा, एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली. फॅट ३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. डिस्क उघडताना मिंट कदाचित सांगेल की विंडोज नीट बंद झाली नव्हती, म्हणून फक्त वाचण्यापुरती उघडतोय. घाबरू नका, आपल्याला तेच हवंय. जबरदस्तीने लिहिण्यासाठी उघडायचे जे उपाय नेटवर सापडतात ते करू नका. निरोगी डिस्क यूएसबी ३ वरून भरलेली ५०० जीबी दीड-दोन तासांत देते, यूएसबी २ वरून चारेक तास लागतात. लहान लहान फाईली जास्त असतील तर आणखी वेळ. पण वेग सेकंदाला एक-दोन एमबीवर येऊन रेंगाळत असेल, तर तक्ता काहीही म्हणो, डिस्क आजारी आहे. कॉपी थांबवा.

आजारी डिस्कवरून फाईली एकेक करून ओढायच्या नाहीत. एका खराब जागेवर कॉपी अडकली की डिस्क तिथेच पुन्हापुन्हा डोकं आपटत राहते आणि त्यात पुढच्या चांगल्या जागाही गमावतो. अशा वेळी पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढायची आणि मग निवांत त्या प्रतीतून फाईली शोधायच्या. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन आहे, फुकट. सिस्टमरेस्क्यू नावाच्या लिनक्समध्ये ते आयतं मिळतं, मिंटवर नेट जोडून बसवता येतं. त्याची खुबी अशी की ते आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलेल्या जागा मॅप नावाच्या फाईलमध्ये टिपून पुढे जातं आणि शेवटी तेवढ्याच जागांवर परत येतं. मध्येच लाईट गेली तरी मॅप फाईल असली की जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू करता येतं. म्हणून मॅप फाईलशिवाय कधी चालवू नका आणि ती पेनड्राइव्हवरच्या चालत्या मिंटमध्ये न ठेवता बाहेरच्या डिस्कवर ठेवा. रॅममधलं सगळं लाईटबरोबर जातं.

पहिल्या फेरीला खरवडणं बंद ठेवायचा पर्याय द्या, म्हणजे कठीण जागा सोडून दिल्या जातील. ती पूर्ण झाल्यावर दुसऱ्या फेरीत तीन वेळा प्रयत्न करायला सांगा. आज्ञेत क्रम असा: आधी मूळ डिस्क, मग प्रत कुठे ठेवायची ते, मग मॅप फाईल. हा क्रम उलटला तर कोऱ्या डिस्कची प्रत तुमच्या पत्रिकांवर उतरेल आणि मग कोणीच काही करू शकणार नाही. एंटर मारण्याआधी डिस्कचं मॉडेल आणि सिरियल नंबर मोठ्याने वाचा, डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून बघा. लिनक्स डिस्कना देतं त्या नुसत्या 'एसडीए', 'एसडीबी' या नावांवर जाऊ नका, परत चालू केल्यावर ती अदलाबदल होतात. आज्ञा टाइप करायची सवय नसेल तर हे काम दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. पण त्याला आधीच विचारा: 'तुम्ही इमेज (पूर्ण डिस्कची प्रत) काढून काम करता की सरळ डिस्कवर?' उत्तरावरून माणूस कळतो.

हे सगळं नको असेल आणि तक्ता स्वच्छ असेल तर एक जुगाडही आहे. 'ऑटोमॅटिक रिपेअर'च्या पडद्यावर 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'ट्रबलशूट', मग 'कमांड प्रॉम्प्ट'. तिथे नोटपॅड असं टाइप केलं की नोटपॅड उघडतं. त्याच्या फाईल मेनूतल्या 'ओपन'च्या खिडकीत खाली 'ऑल फाईल्स' निवडा, की तुमच्या सगळ्या फोल्डरांची खिडकी तयार! तिथेच राइट क्लिक करून कॉपी करा आणि पेनड्राइव्हवर पेस्ट करा. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असतात, सी मध्ये काही दिसलं नाही तर डी, ई बघा. मोठ्या फोल्डरला हे कंटाळवाणं आहे, पण तातडीच्या चार फाईलींना पुरतं. लग्न परवावर आलेल्या पत्रिकेसाठी झकास.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक सूचना इथेच. नव्या विंडोज ११ च्या मशीनवर डिस्क बऱ्याचदा कुलूपबंद असते, बिटलॉकरने, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोस बदलला, बोर्ड बदलला किंवा डिस्क दुसरीकडे लावली की ती ४८ आकडी किल्ली मागते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता त्या खात्यात ती साठवलेली असते. खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलं असेल तर आधी त्याला गाठा. किल्ली नाही तर फाईली नाहीत, लॅबही हात टेकते. ताई, तुमच्या जुन्या मशीनला बहुधा ही भानगड नाही.

आता काय काय उचलायचं. माणसं इथे फसतात, आणि डीटीपीवाले सगळ्यात जास्त.

सगळे 'डी ड्राइव्ह' म्हणतात, पण रोजचं काम डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये पडलेलं असतं, आणि ते असतं सी मध्ये, यूझर्सच्या आत तुमच्या नावाच्या फोल्डरात. व्हॉट्सअ‍ॅपवरून गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो डाउनलोड्समध्ये असतात. टॅलीप्राइमचा डेटा सहसा यूझर्समधल्या पब्लिक फोल्डरात, टॅलीप्राइमच्या आत 'डेटा' नावाने असतो. जुन्या ईआरपी ९ चा टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरात. आत १०००० सारख्या आकड्यांची फोल्डरं दिसतील, प्रत्येक आकडा म्हणजे एक कंपनी. नावं ओळखीची नाहीत म्हणून सोडू नका, आख्खं 'डेटा' उचला.

मग फॉन्ट. श्रीलिपीत (मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये) केलेल्या पत्रिकांची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. त्या फाईलीत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात, इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागा वापरलेल्या असतात. फॉन्ट असला की 'श्री गणेशाय नमः', नसला की डॉलर, कंस आणि इंग्रजी अक्षरांची गिचमीड. पंधरा वर्षांच्या सगळ्या फाईली सहीसलामत वाचवून आणल्या आणि फॉन्ट राहिले, तर त्या फाईली वाचवल्या असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या दुकानातून त्याच कंपनीचा फॉन्ट आणून भागेल असंही धरू नका, आवृत्ती बदलली की अक्षरांची मांडणी बदललेली असू शकते. 'ष्ट' च्या जागी भलतंच उगवतं आणि ते छापून झाल्यावर दिसतं. आपल्या भागात दुसरी अर्धी बाजू कन्नड. पंचायतीला आणि तालुका कचेरीला दिलेले अर्ज नुडी किंवा बरहा या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले असतात आणि जुन्या नुडीचंही दुखणं तेच. दोन्हीचे फॉन्ट घ्या.

मिंटमधून विंडोजच्या फोल्डरातलं 'फॉन्ट्स' उघडा आणि पूर्ण उचला, निवडत बसू नका, कारण तिथे फॉन्टची छापील नावं दिसत नाहीत, फाईलींची आखूड नावं दिसतात. शिवाय २०१८ नंतरच्या विंडोज १० मध्ये काही फॉन्ट फक्त त्या वापरणाऱ्यापुरते बसतात. ते यूझर्समध्ये तुमच्या नावाखाली, लपवलेल्या अ‍ॅपडेटाच्या आत, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असे खोल जाऊन सापडतात. ही जागा भलेभले विसरतात. मिंटमध्ये लपवलेलं सहसा असंच दिसतं, न दिसल्यास कंट्रोल आणि एच दाबा.

पेजमेकरच्या (पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या) फाईली असतील तर आणखी एक. त्यात जोडलेले फोटो बहुतेक वेळा फाईलच्या आत नसतात, ते मूळ फोल्डरातच असतात आणि फाईल फक्त त्यांचा पत्ता धरून असते. फोल्डरांची रचना तशीच ठेवून कॉपी करा, 'नंतर नीट लावू' म्हणून सगळं एका जागी ओतू नका. ज्या सॉफ्टवेअरला डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) आहे ते डोंगल जुन्या मशीनच्या मागे लागलेलं विसरू नका. भंगारात गेलेलं डोंगल परत मिळत नाही. ऑडिटरच्या डिजिटल सहीचं टोकन तिथेच राहिलंय का तेही बघा.

डिस्क आजारी असेल आणि पूर्ण प्रत निघतच नसेल तर क्रम लावावा लागतो, आणि तो मी असा लावतो. जे दुसरीकडून परत मिळतं ते शेवटी. आरटीसीचे (जमिनीचे) उतारे कर्नाटकच्या 'भूमी' पोर्टलवरून पुन्हा काढता येतात, जीएसटीची भरलेली विवरणं पोर्टलवर असतात, सिनेमे आणि सेटअपच्या फाईली तर सोडूनच द्या. घरचे फोटो कुठेच परत मिळत नाहीत, ते आधी. मग टॅलीचं चालू वर्ष. मग सोसायट्यांचे अहवाल, त्यांच्या छापील प्रती सोसायटीकडे असतात, वेळ पडलीच तर परत टाइप होतील. मग फॉन्ट. पत्रिका शेवटून दुसऱ्या, माफ करा! झालेल्या लग्नाची पत्रिका परत कोण मागतंय? नमुना म्हणून चार ठेवल्या तरी चालतं.

कॉपी झाल्यावर फाईली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. नुसती नावं दिसतात म्हणून समाधान मानू नका, मोठ्या फाईली, जुन्या फाईली आणि प्रत्येक फोल्डरातली एखादी उघडा. टॅलीत कंपनी उघडून शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे ते ताडा. तोवर मूळ डिस्कला कोणी हात लावायचा नाही.

एवढं झालं की त्या मुलाला बोलवा. आता त्याचं तासाभराचं काम खरंच तासाभराचं आहे. डिस्क निरोगी ठरली असेल तर आधी स्टार्टअप रिपेअर, मग बूटच्या फाईली नव्याने लिहिणं, तेही नाही जमलं तर फॉरमॅट. पण सात वर्षांच्या फिरत्या डिस्कवर पुन्हा विंडोज टाकू नका. २५६ किंवा ५१२ जीबीची एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) घ्या, मशीनचा वेगही बदलेल. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि सात वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरवर ११ चालेल की नाही हे काठावरचं आहे, तेव्हा खर्च करण्याआधी मॉडेल बघून घ्या. एसएसडीचं एक लक्षात ठेवा: ती टक्-टक् करत नाही, आवाज न करता एका सकाळी जाते. बायोसमध्ये कंपनीच्या नावाऐवजी 'सॅटाफर्म एस ११' असं काहीतरी दिसलं तर तिचा कंट्रोलर (तिला चालवणारी चिप) गेला. आणि तिच्यावरून चुकून पुसलेली फाईल पुसल्या क्षणीच गेली असं धरा.

आणि हे वाचेपर्यंत कोणी फॉरमॅट मारलाच असेल तर? मशीन तिथल्या तिथे बंद करा. फक्त सी पुसला असेल तर डी बहुधा शाबूत असतो. पार्टिशनच (सी, डी असे भागच) उडाली असतील तर टेस्टडिस्क नावाचं सॉफ्टवेअर ती बऱ्याचदा शोधून देतं. त्याच्याच जोडीचं फोटोरेक शेवटचा उपाय: फाईली मिळतात, पण नावं आणि फोल्डरं जातात, आकड्यांच्या नावाच्या हजारो फाईली समोर येतात. फोटोंना ते चालतं, पत्रिकांना डोकेदुखी. सापडलेलं त्याच डिस्कवर साठवायचं नाही.

लॅबचं सांगतो. टक्-टक् करणारी, न फिरणारी किंवा पडलेली डिस्क इथे कोणी 'उघडून बघतो' म्हणाला तर देऊ नका. हेड चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं, आपल्या हवेतला धुळीचा एक कण त्याला डोंगरासारखा. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागांजवळचं मशीन उघडलं की आत सुताचा थर असतो, उद्यमबागेतल्या मशीनमध्ये लोखंडाची भुकटी, निपाणीच्या वखारीतल्यांत तंबाखू. अशा गावांत उघड्यावर डिस्क खोलणं म्हणजे ती संपवणं. तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून लावायची जुनी युक्तीही आता चालत नाही, प्रत्येक डिस्कच्या बोर्डावरच्या चिपमध्ये तिची स्वतःची माहिती असते. स्वच्छ खोली असलेली लॅब पुणे, मुंबई, बेंगळुरूत मिळते. खर्च हजारांत सुरू होतो आणि हेड बदलायचे झाले तर बराच वर जातो. डिस्क देण्याआधी तपासणीचे पैसे किती आणि फाईली निघाल्या नाहीत तर किती, हे लिहून घ्या. शक्यतो कुणाच्या हातून पाठवा. पार्सलच करायचं तर स्थिर विजेपासून जपणाऱ्या पिशवीत, भोवती दोन बोटं जाडीचा फोम. वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीने पाठवलेली डिस्क वाटेतच आणखी बिघडते.

नव्या डिस्कआधी वायरमनकडून दुकानाचं अर्थिंग बघून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी ते नीट करून घ्या. यूपीएस असेल तर त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. तुमची कधी बदलली होती? बहुतेकांचा यूपीएस नुसता स्टॅबिलायझर होऊन बसलेला असतो, लाईट गेली की तोही जातो. वळवाच्या आणि पावसाच्या दिवसांत दुकान बंद करताना मेन स्विचवर न थांबता वायर भिंतीतून काढा, नेटची केबलही काढा. विजेचा झटका तिकडूनही येतो.

जुनी डिस्क लेबल लावून, कोरड्या डब्यात, यंदाचं ऑडिट होईपर्यंत ठेवा. त्यानंतर मात्र भंगारवाल्याला तशीच देऊ नका. तुमचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्या डिस्कवर अर्ध्या तालुक्याचे आधार, रेशनकार्ड आणि पासबुकं स्कॅन होऊन पडली आहेत. चालू असेल तर लिनक्समधून पूर्ण पुसून घ्या. चालत नसेल तर ड्रिलने आतल्या चकत्यांतून आरपार तीन-चार भोकं पाडा आणि मगच द्या.